मागच्या सीटचा बेल्ट कव्हरखाली, दंड मात्र चालकाला?

पार्लेकर:
परवा दादरहून काळीपिवळी केली. मागे बसून बेल्ट ओढला तर आला, पण तो अडकवायचं बक्कल सापडेना. रेक्झिनच्या कव्हरखाली पार गाडलेलं. चालक म्हणाला, "मागे कोण लावतं साहेब?" सप्टेंबर २०२२ मध्ये सायरस मिस्त्री पालघरजवळच्या अपघातात गेले, ते मागच्याच सीटवर बसले होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर दोनच महिन्यांत मुंबईत मागच्यांनाही बेल्टची सक्ती झाली. माझं मत सरळ आहे: बक्कल हाताला लागत नसेल तर त्या टॅक्सीला फिटनेस सर्टिफिकेटच देऊ नका.

मीटरडाऊन:
टॅक्सी चालवतो म्हणून बोलतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ ब वाचा. बेल्ट न लावलेला प्रवासी नेला तरी १००० रुपये दंड चालकालाच. बेल्ट तुम्ही लावणार नाही आणि चलान माझ्या नावावर! "लावा" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "इथेच तर उतरायचंय." गिऱ्हाइकाशी भांडू की धंदा करू?

शिवडीची_सून:
जवळचं भाडं नाकारताना जीभ अडखळत नाही, मग बेल्ट लावा म्हणतानाच कशी अडखळते हो? आणि हे फक्त प्रवाशाच्या भल्याचं नाही. करकचून ब्रेक लागला की मागचा मोकळा माणूस थेट तुमच्या सीटवर आदळतो. तुमचा बेल्ट, एअरबॅग सगळं असूनही पाठीमागून मार बसतो तो तुम्हालाच.

रात्रपाळी:
सगळे बेल्टला धरून बसलेत. मला चालकाच्या झोपेची भीती जास्त वाटते. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा दिवसाला ८ तास म्हणायचा; २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. ॲपवाल्यांसाठी केंद्राने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात दिवसाला जास्तीत जास्त १२ तास आणि मग १० तास सुट्टी असं होतं. प्रत्यक्षात एक ॲप बंद करून दुसरं चालू करतात. काळीपिवळीचे तास तर कोणीच मोजत नाही. त्यात काचेवर दोन-दोन फोन, आणि सिग्नल सुटताना बोट स्क्रीनवर.

मीटरडाऊन:
८ तासांत शिफ्टचं भाडं आणि गॅस सुटतो, घरी न्यायला काय उरतं? सीएनजीच्या रांगेत जातो तो वेळ कोणाच्या खात्यात? आम्हाला डुलक्या काढायची हौस नाही.

पार्लेकर:
हौस नाही हे मान्य. पण मालकाने भाडं वाढवलं म्हणून माझा जीव स्वस्त होत नाही ना? त्याच्याशी भांडायला तुमच्या युनियन आहेत.

रात्रपाळी:
युनियन जाऊ द्या. पहाटे डोळे मिटायला लागले की चहा मारून पुढे जायचं, हीच चूक होते. चहाचा अंमल चढायला २०-३० मिनिटं लागतात. चहा प्या, गाडी बाजूला घ्या आणि २० मिनिटं पडा. उठाल तोवर दोन्ही लागू पडलेलं असेल. खिडकी उघडून तोंडावर वारा घेण्याचा उपयोग मिनिटभरच.

मीटरडाऊन:
पडू कुठे? स्टँडवर रांग पुढे सरकली की मागचा हॉर्न मारतो. कडेला लावली की नो पार्किंगचं ई-चलान.

शिवडीची_सून:
जागेचं म्हणणं पटलं, स्टँडवर त्यासाठी दोन गाड्यांपुरती सोय हवीच. पण ती होईपर्यंत हायवेवर पेंगत भाडं मारणार असाल, तर माझ्या सासऱ्यांना मी तुमच्या गाडीत बसवणार नाही. राग येऊ दे.