टेबलाखाली पत्र्याचे चार ड्रॉवर: बेंडिंग मशीन आणि वेल्डिंगशिवाय जमतील का?

मागवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी. यंत्रमाग दुरुस्तीच्या शेडमध्ये लोखंडी टेबल आहे, ४० च्या अँगलचं. त्याखाली चार ड्रॉवर बसवायचेत. खांबापासून खांबापर्यंत आतून ४५० मि.मी., उंची ६००, खोली ५००. आत पिकर, बेअरिंग, गिअर, नटबोल्ट राहणार, म्हणजे एका खणात २०-२५ किलो वजन धरा. हाताशी ४ इंची ग्राइंडर, ड्रिल, रिव्हेट गन, गुण्या, कानस आणि लाकडी मोगरी आहे. वेल्डिंग मशीन नाही. तयार कॅबिनेट बजेटमध्ये बसत नाही. पत्रा किती गेजचा घ्यावा, दुमडायचा कशावर, आणि ड्रॉवर ज्यावर सरकतात त्या चॅनेलला जागा किती सोडायची?

पत्राकाम
जमतील. मात्र पत्र्याला हात लावण्याआधी टेबलाचं काम संपवा. टेलिस्कोपिक चॅनेल नुसत्या पुढच्या-मागच्या खांबावर नीट बसत नाही, भोकं जुळत नाहीत. प्रत्येक खणासाठी दोन्ही बाजूंना खांबांच्या आतून २५×५ ची आडवी पट्टी बोल्ट करावी लागेल. म्हणजे तुमचे ४५० गेले, उरले ४४०. पट्ट्या बसल्यावर प्रत्येक खणाचं माप पुढे आणि मागे घ्या, आणि जे सर्वांत कमी भरेल तेच धरा.

त्यातून २६ वजा करा. बॉल बेअरिंगचं साधं ४५ मि.मी. उंचीचं चॅनेल एका बाजूला १२.७ मि.मी. जागा खातं, दोन्हीकडची मिळून २५.४. खण अर्धा-एक मि.मी. अरुंद झाला तर चॅनेलमागे पातळ वॉशर घालून भरता येतो. रुंद झाला तर चॅनेल अडकतं, जोर लावला की बॉलचा पिंजरा वाकतो, आणि मग तो खण नव्यानेच करावा लागतो. म्हणून शंका आली की माप कमीच धरायचं. तुमच्या बाबतीत बाहेरून बाहेर ४१४.

पत्रा २० गेज सीआर (कोल्ड रोल्ड, साधा काळपट लोखंडी) घ्या, साधारण ०.९ मि.मी. ८×४ फुटाची एक शीट सुमारे २१ किलो भरते आणि चारही खण, पाठी, दर्शनी पट्ट्या त्यातच निघतात. २२ गेज स्वस्त पडतो, पण २५ किलोला तळ पोटासारखा खाली येतो. १८ गेज हातानं सरळ दुमडला जात नाही.

तळ आणि दोन्ही बाजू एकाच तुकड्यात, इंग्रजी यू सारख्या. खोली ४५० आणि बाजूची उंची १०० धरली तर तुकडा ६३०×४५०. हिशेब असा: ४१४ + १०० + १०० + वरच्या कडा दुमडायला १०-१०, एकूण ६३४. ०.९ च्या पत्र्यात प्रत्येक काटकोनी दुमडीला सुमारे १.७ मि.मी. वजा होतात, म्हणून ६३०. एका कडेपासून रेघा १०, १०९, ५२१ आणि ६२० वर. रेघा सुईनं हलक्या मारा. खोल चरा पडला तर पत्रा तिथेच तडकतो.

दुमडायला ४० च्या जाड अँगलचे ७०० मि.मी.चे दोन तुकडे पाठीला पाठ लावून, आडव्या बाजू वर येतील असे धरा. पत्रा मधे सरकवायचा आणि दोन्ही टोकांना, पत्र्याच्या बाहेर, १० मि.मी.चे बोल्ट आवळायचे. हा जोड टेबलाच्या कडेवर बांधा, म्हणजे उरलेला पत्रा खाली मोकळा लोंबेल. वाइसमध्ये धरलात तर खाली वाइसचा स्क्रू आडवा येतो. रेघ अँगलच्या कडेच्या १ मि.मी. वर दिसली पाहिजे. वर आलेल्या भागावर लाकडाची फळी पूर्ण लांबीभर टेकवून एकदमच आडवा करा, मग फक्त दुमडीच्या रेषेलगत मोगरी मारा. दुमडलेल्या भागाच्या मध्यावर मारलं की पत्रा ताणला जातो, लाटा पडतात, आणि त्या पुन्हा जात नाहीत. सोडल्यावर पत्रा दोन-तीन अंश परत येतो. त्यासाठी ज्या अँगलवर दुमडताय त्याची वरची बाजू थोडी उतरती घासून ठेवा.

क्रम: आधी वरच्या कडा आतल्या बाजूला पूर्ण चपट्या, मग दोन्ही बाजू. खऱ्या तुकड्याआधी ५० मि.मी. रुंद पट्टीवर या चारही रेघा मारून दुमडून बघा. ४१४ आलं तर पुढे जा, नाहीतर तळाचं माप तेवढं बदला.

रिव्हेट_आणि_कानस
वरचं सगळं बरोबर, फक्त कोपऱ्यांबद्दल लिहायचं राहिलं. जोडायची कानपट्टी (रिव्हेट मारायला काटकोनात दुमडलेली कड) बाजूंना काढू नका, पाठीच्या आणि पुढच्या तुकड्याला काढा. बाजूंना काढली तर बाजू दुमडताना ती अँगलवर अडते. पाठ ४१२ रुंद, दोन्ही बाजूंना आणि खाली १५ ची कानपट्टी. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत, जिथे दुमडीच्या रेषा एकमेकींना भेटतात तिथे, आधी ४ मि.मी.चं भोक पाडून मग कोपरा कापा. भोक नसलं तर दुमडताना कोपरा फाटतो.

रिव्हेट ४ मि.मी. ॲल्युमिनियम, भोक ४.१. बाजूच्या रिव्हेट चॅनेलच्या पट्ट्यात येता कामा नयेत, सगळ्यात जास्त खण इथेच बिघडतात. चॅनेलचा मध्य तळापासून ४५ वर धरला तर ते २२ ते ६८ मधे बसतं. रिव्हेट १० वर आणि ८२ वर मारा. तळाला तीन पुरतात.

तळ ४१४×४५० चा सपाट आहे, हात टेकला की टण वाजणार. खालून मधोमध पत्र्याची टोपीसारखी दुमडलेली १२ मि.मी. उंच पट्टी पुढून मागे रिव्हेट करा. तेवढं जमत नसेल तर आत ६ मि.मी. प्लायवुड नुसतं ठेवलं तरी वजन पसरतं, गिअरचा आवाजही कमी होतो.

दोन्ही दुमडी आल्यावर कर्णाची मापं घ्या. २ मि.मी. पेक्षा जास्त फरक दिसला तर पाठ रिव्हेट करायच्या आधी सरळ करा. नंतर ते जमत नाही.

मागवाला_सोलापूर
दोघांचेही आभार. दोन शंका. जीआय (जस्ताचा थर असलेला) पत्रा घेतला तर रंग वाचेल का? आणि शेजारी वेल्डर आहे, कोपरे त्याच्याकडून टाचून घेतले तर?

पत्राकाम
०.९ च्या पत्र्यावर साध्या आर्क वेल्डिंगनं भोकं पडतात आणि उष्णतेनं बाजू आत ओढली जाते. तुमचे ४१४ मग ४१२ होतात, तेही फक्त एका टोकाला. रिव्हेटच बऱ्या. जीआय चालेल, रिव्हेटच्या कामाला तर उत्तमच, पण त्यावर साधा एनॅमल धरत नाही, सालं निघतात. रंगवायचंच असेल तर आधी एच प्रायमर (जस्तावर रंग धरावा म्हणून मारायचा प्रायमर) लागतो. जीआयला वेल्डिंग मात्र नकोच, जस्ताचा धूर वाईट. सीआर घेतलात तर थिनरनं तेल पूर्ण पुसा, रेड ऑक्साइड मारा, मग एनॅमल, आणि हे सगळं चॅनेल बसवण्याआधी. कापलेल्या प्रत्येक कडेवर उरलेली धारदार बर कानसानं काढा. ग्राइंडरची बर ब्लेडसारखी लागते.

एक सोय बघा की ओ. सगळे सरळ तुकडे पत्रा घेता तिथे किंवा एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे शीअरवर (पत्रा कापायच्या मशीनवर) कापून मिळाले तर तिथे पैसे घाला. हातानं दुमडायला हरकत नाही, पण ग्राइंडरनं ४५० ची कड सरळ येणं अवघड, आणि कड वाकडी असली की त्यापुढच्या सगळ्या रेघा वाकड्या.

चॅनेलवाला
चॅनेल १८ इंची घ्या, जोडीला निदान ३५ किलो लिहिलेलं. खणाचं स्वतःचं वजन ३-४ किलो असतं, ते विसरू नका. आतला भाग काळा लिव्हर दाबून काढता येतो, तो खणाला चपट्या डोक्याच्या एम४ स्क्रूनं लावा आणि आतून नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सैल न होणारा). डोकं जराही वर राहिलं तर बॉलला घासतं. आधी लांबट भोकांत दोनच स्क्रू, खण घालून चार-पाच वेळा आत-बाहेर करा, बरोबर बसला की मग गोल भोकांतले स्क्रू. शेवटच्या इंचाला जड जात असेल तर मागचं अंतर पुढच्यापेक्षा कमी आहे, मागचा स्क्रू सैल करून बघा. खण काढताना एका बाजूचा लिव्हर वर आणि दुसऱ्या बाजूचा खाली दाबायचा असतो.

माग चालू असलेल्या शेडमध्ये आणखी दोन गोष्टी. हादऱ्यानं खण हळूहळू पुढे सरकतो, चॅनेलची स्वतःची अटक तेवढी मजबूत नसते, म्हणून प्रत्येक खणाला मॅग्नेट कॅच लावा. आणि चॅनेलला वरून ग्रीस भरू नका. हवेतले कापसाचे तंतू त्यात चिकटून गोळे होतात, बॉल फिरायचे थांबतात. महिन्यातून एकदा ब्रशनं झाडून मशीन ऑइलचे दोन थेंब पुरे.

रिव्हेट_आणि_कानस
टेबल भिंतीला किंवा फरशीला अँकर बोल्टनं बांधा. वरचे दोन भरलेले खण एकदम उघडले तर ५० किलो पुढे येतात.