नाकाचं हाड : ऑपरेशन झालेल्यांनो, अनुभव सांगा

उजव्या नाकपुडीतून मला गेली कित्येक वर्षं धड श्वास येत नाही. सीटी स्कॅन झाला, दिवाळीनंतरची तारीख मिळाली आहे. घरी सगळे 'नाकाचं हाड वाढलंय' म्हणतात; डॉक्टर म्हणाले, वाढलेलं काही नाही, दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा आहे. ऑपरेशनची भीती नाही, नंतरच्या दिवसांची आहे. ज्यांचं झालंय त्यांनी खरं काय ते लिहा.

*

माझं २०१९ मध्ये झालं. पूर्ण भूल, जेमतेम तासभर. चीर नाकाच्या आतूनच देतात, त्यामुळे बाहेर व्रण नाही. दुखलंही फारसं नाही. पण दोन्ही नाकपुड्यांत पॅक, म्हणजे रक्त थांबवायचे बोळे, भरलेली ती पहिली रात्र! तोंडाने श्वास, घशाला कोरड, आवंढा गिळला की कानात दडे. दोन-तीन उशांना टेकून बसूनच रात्र काढली, नवरा चमच्याने पाणी देत होता. दुसऱ्या दिवशी पॅक काढताना डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आत सिलिकॉनच्या पट्ट्या होत्या, त्या आठव्या दिवशी निघाल्या आणि गार हवा थेट घशापर्यंत गेली. मी तिथेच रडले. बत्तीस वर्षं मी अर्ध्याच नाकाने जगत होते.

*

पॅक सगळ्यांना लागतोच असं नाही. मला आत विरघळणारे टाके घातले होते, तेवढ्यावर भागलं. आधी विचारून ठेवा. मिठाच्या पाण्याने नाक धुणं मात्र चुकवू नका. मी दोन दिवस कंटाळा केला आणि आत खपल्या धरल्या. नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची.

*

पडदा सरळ झाला, पण धुळीची ॲलर्जी राहिलीच. सकाळच्या शिंका आजही आहेत. ऑपरेशनने ॲलर्जी जात नाही हे मला आधी कुणीच सांगितलं नाही, याचा राग अजून आहे. नाक मोकळं करायचे थेंब तेवढे सुटले. सहा वर्षं रोज रात्री घालत होतो. त्यांच्या सवयीनेच नाक जास्त चोंदतं, हेही फार उशिरा कळलं.

*

माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, चेंडू लागल्यापासून त्रास आहे. डॉक्टर म्हणतात, नाकाची वाढ पूर्ण होऊ दे, सतरा-अठरापर्यंत थांबू. रात्री तोंड उघडं टाकून झोपतो, बघवत नाही. इतक्या लहान वयात कुणाच्या मुलाचं करावं लागलंय का?