मदत हवी आहे: २४० विद्यार्थी, ३ टीए, मूडलवरचा सांख्यिकीचा पेपर. कामाची वाटणी कशी करावी?

रानजाई:
ऑनलाइन एम.ए. अर्थशास्त्राचा सांख्यिकीचा पेपर आहे, मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणालीवर चालतो. विद्यार्थी २४०, बहुतेक नोकरी करणारे. मदतीला तीन टीए (शिकवण्यात मदत करणारे साहाय्यक), तिघेही पीएचडीचे विद्यार्थी, प्रत्येकाचे आठवड्याला ८ तास. दर आठवड्याला दोन लेखी प्रश्नांची असाइनमेंट द्यायची आणि प्रत्येकाने ८० जणांची तपासायची, असा बेत आहे. शिवाय शंकांचा फोरम आहेच. टीएंना मूडलमध्ये कोणता रोल द्यावा? ग्रुप पाडावेत का? तिघांचं गुणदान सारखं कसं राहील?

ताळेबंद:
आधी तास मोजा. दोन उत्तरं वाचून, शेरा लिहून गुण द्यायला ६ मिनिटं धरली, आणि ही कमीच आहेत, तरी २४० × ६ = १४४० मिनिटं, म्हणजे २४ तास. तिघांचे मिळून तेवढेच तास आहेत. फोरमला आणि आठवड्याच्या बैठकीला काहीच उरत नाही. अशा वेळी आधी शेरे आटतात, मग निकाल लांबतो आणि फोरमवर अभ्यासाच्या शंकांऐवजी ‘गुण कधी दिसणार’ एवढंच चालतं.

लेखी असाइनमेंट पंधरवड्याला एक ठेवा. मग प्रत्येकाला आठवड्याला सरासरी ४ तास तपासणी, ३ तास फोरम, १ तास बैठक असं बसतं. मधल्या आठवड्यांत आपोआप तपासली जाणारी क्विझ द्या. ‘कॅल्क्युलेटेड’ प्रकारच्या प्रश्नात वेगवेगळ्या विद्यार्थ्यांना वेगवेगळे आकडे देता येतात, त्यामुळे नुसतं उत्तर उतरवून फार भागत नाही. त्यातला टॉलरन्स, म्हणजे उत्तरात किती फरक चालेल ती मर्यादा, मात्र विचार करून ठरवा. तो शून्य ठेवलात तर सामान्य वितरणाच्या तक्त्यातून १.९६ घेणारा आणि संगणकाचं १.९५९९६ घेणारा, यांच्यातल्या एकाचं बरोबर उत्तर चूक ठरतं आणि त्या तक्रारी टीएंच्या गळ्यात पडतात.

खुंटी:
रोल ‘नॉन-एडिटिंग टीचर’ द्या, म्हणजे गुण देता येतात पण कोर्समध्ये बदल करता येत नाहीत. असाइनमेंटच्या सेटिंगमध्ये ‘मार्किंग वर्कफ्लो’ आणि ‘मार्किंग ॲलोकेशन’ दोन्ही चालू करा, मग सबमिशनच्या यादीतून ८०-८० जण निवडून त्या-त्या टीएच्या नावावर लावा. मूळ परवानग्या बदललेल्या नसतील तर टीए गुण भरू शकतात, पण जाहीर करू शकत नाहीत. तुम्ही ‘रिलीज्ड’ करेपर्यंत विद्यार्थ्यांना गुण दिसत नाहीत. म्हणजे सगळ्यांचा निकाल एकदम लागतो.

एवढ्यासाठी ग्रुप पाडायची गरजच नाही. कोर्सच्या पातळीवर ‘सेपरेट ग्रुप्स’ (एका ग्रुपला दुसऱ्याचं दिसत नाही अशी सोय) सक्तीचे केलेत तर फोरमचेही तुकडे होतात: एकच शंका तीन ठिकाणी येते आणि तिला तीन तऱ्हेची उत्तरं मिळतात. शिवाय तुम्ही सर्वांसाठी टाकलेला धागा विद्यार्थी वाचू शकतात, पण त्याला उत्तर देऊ शकत नाहीत. फोरम सगळ्यांचा एकच ठेवा.

पानगळ:
खुंटी यांचं सेटिंग बरोबर आहे, पण सांख्यिकीला विद्यार्थीवार वाटणी मला पटत नाही. प्रश्नवार करा. पहिल्या प्रश्नाची २४० उत्तरं एकानेच तपासली तर कडक-सैल जे असेल ते सगळ्यांना सारखं. दोनऐवजी थोडे छोटे तीन प्रश्न द्या, म्हणजे प्रत्येक टीएकडे एक. मूडलची असाइनमेंट प्रश्नवार वाटता येत नाही, म्हणून क्विझमध्ये ‘एसे’ प्रकारचे प्रश्न घ्या आणि वहीचे फोटो जोडायची मुभा द्या. तपासणी ‘मॅन्युअल ग्रेडिंग’मधून प्रश्नवार होते. एक काळजी घ्या: ‘रिव्ह्यू ऑप्शन्स’मध्ये गुण दाखवण्याच्या खुणा आधी काढा, नाहीतर टीए गुण भरतील तसतसे ते विद्यार्थ्यांना दिसू लागतात.

गुणदान सारखं ठेवायचं तर तपासणी सुरू होण्याआधी १० उत्तरं तिघांनी स्वतंत्रपणे तपासावीत आणि मग बैठकीत आकडे शेजारी ठेवावेत. ५ पैकी १ पेक्षा जास्त फरक पडला तर निकष पुन्हा लिहा. परिकल्पना चाचणीत हमखास अडतं ते असं: आकडेमोड चोख, निर्णयही बरोबर, पण शेवटी वाक्य ‘शून्य परिकल्पना सिद्ध झाली’. (चाचणीत शून्य परिकल्पना, म्हणजे ‘फरक नाही’ हे गृहीतक, फार तर नाकारता येत नाही, सिद्ध होत नाही.) एक टीए ५ देतो, दुसरा ३. निकष असे पाडा: परिकल्पनांची मांडणी १, चाचणीची निवड कारणासह १, आकडेमोड १, निर्णय १, निर्णयाचा शब्दांत अर्थ १. वरच्या उत्तराचा फक्त शेवटचा गुण जातो. आकडेमोडीत चूक झाली पण पुढची पद्धत बरोबर असेल तर पुढचे गुण द्यायचे, हेही लिहूनच ठेवा.

रानजाई:
फारच उपयोगी, मनापासून आभार. प्रश्नवार करते. व्हॉट्सॲप ग्रुपची मागणी होते आहे, त्यात टीएंना घालावं का?

ताळेबंद:
नको. टीएंचे नंबर विद्यार्थ्यांना देऊच नका, रात्री-अपरात्री फोन सुरू होतात. फोरमवर कोण कोणत्या दिवशी उत्तर देणार ते लिहा, २४ तासांत उत्तर मिळेल असं सांगा. तुमचे विद्यार्थी नोकरदार, म्हणून रविवारची पाळी आधी लावा. गुणांबद्दलच्या तक्रारी टीएंनी हाताळायच्या नाहीत, त्या थेट तुमच्याकडे याव्यात. आणि तिघांच्या स्वतःच्या प्रगती अहवालांच्या तारखा आजच विचारून घ्या. त्या आठवड्यात लेखी असाइनमेंट ठेवू नका.