सोलापूरवरचा कार्बन डायऑक्साइड: उपग्रह ४२० म्हणतो, सेन्सर ४६०

भूगोल_सोलापूर: ओसीओ-२ या नासाच्या कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या उपग्रहाच्या लाइट (Lite, म्हणजे आटोपशीर) फाइल्समधून सोलापूर परिसराचे आकडे काढले. ४२० पीपीएमच्या (दहा लाखांत किती भाग) आसपास येतात. सात रस्त्याजवळ गच्चीवर लावलेला स्वस्त सेन्सर मात्र सकाळी ४६० दाखवतो. शिवाय उपग्रहाच्या एकाच फेरीत शेजारशेजारचे आकडे ४-५ पीपीएमने उड्या मारतात. यात फताटेवाडीच्या औष्णिक केंद्राचा धूर ओळखता येईल का?

वर्णपट: उपग्रह जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतच्या कोरड्या हवेची सरासरी देतो, तीही दुपारी दीडच्या सुमाराची. सकाळी वाहनांचा वायू जमिनीलगतच साचलेला असतो. खालच्या एका किलोमीटरमध्ये हवेचा जेमतेम नववा-दहावा भाग, त्यामुळे तिथे २० पीपीएम वाढले तरी सरासरीत २ च दिसतात. सेन्सरचं आपोआप कॅलिब्रेशन (स्वतःचे आकडे स्वतःच जुळवून घेणं) आधी बंद करा. अलीकडचा सर्वांत कमी आकडा म्हणजे ४००, असं तो धरून चालतो.

उड्यांचं कारण बहुतेक धूळ आणि विरळ ढग. १.६१ आणि २.०६ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यांत कार्बन डायऑक्साइडचं शोषण मोजतात, ०.७६५ वर ऑक्सिजनचं. ऑक्सिजनचं प्रमाण ठरलेलं असल्याने प्रकाशाने किती हवा ओलांडली ते कळतं. धुळीने प्रकाश विखुरला की ती वाटच बदलते. जमिनीवरचा हवेचा दाब १ हेक्टोपास्कल चुकला तरी ०.४ पीपीएम गेले! म्हणून क्वालिटी फ्लॅग ० (म्हणजे चांगली नोंद) असलेल्याच नोंदी घ्या आणि फाइलमधला बायस-दुरुस्त (ठरावीक कल काढून टाकलेला) स्तंभ वापरा. पावसाळ्यात फारसं हाती लागणार नाही.

होटगी_रोड: धुराचं गणित करून पाहा. केंद्र १३२० मेगावॉटचं. पूर्ण भारावर तासाला अंदाजे १२०० टन, म्हणजे सेकंदाला ३३३ किलो. वारा ४ मीटर प्रतिसेकंद आणि धुराचा पट्टा ३ किमी रुंद धरला, तर दर चौरस मीटरवर २८ ग्रॅमची भर. १ पीपीएम म्हणजे इथे सुमारे १५ ग्रॅम, तेव्हा वाढ २ पीपीएमच्या आत. एका नोंदीतली चूकच साधारण १ पीपीएमची असते. म्हणून ४२० हा आकडा सोडा. त्याच फेरीतल्या वाऱ्याच्या वरच्या बाजूच्या नोंदींशी फरक काढा. वारा धुराच्या उंचीवरचा घ्या, जमिनीवरचा नको.

वर्णपट: आणि त्या तासाची प्रत्यक्ष वीजनिर्मिती मिळवा, दोन्ही संच चालू असतीलच असं नाही. त्याआधी फेरीचा मार्ग तपासा. उपग्रह मोजतो तो पट्टा फक्त १० किमीचा, शेजारच्या मार्गांत दीडशे किमीहून जास्त अंतर, पुन्हा तोच मार्ग १६ दिवसांनी. केंद्रापासून २०-३० किमीच्या आत वाऱ्याच्या खालच्या बाजूने मार्ग जात नसेल, तर या उपग्रहाच्या नेहमीच्या फेऱ्यांत धूर शोधत बसू नका. अंतराळ स्थानकावरच्या ओसीओ-३ या त्याच्यासारख्याच उपकरणाने सुमारे ८० × ८० किमीचा नकाशा या भागाचा कधी घेतलाय का, ते बघा.