स्टार्ट मेनूतले शॉर्टकट गेले, म्हणून फॉरमॅट?

फोंडेकर:
स्टार्ट मेनूतून चार प्रोग्राम दिसेनासे झाले की कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात ठरलेलं उत्तर: फॉरमॅट मारूया, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकूया. माझ्या मते हा निव्वळ आळस. मेनूतली प्रोग्रामांची यादी मुख्यतः दोन फोल्डरांतून येते. विंडोज आणि आर ही बटणं दाबून रनमध्ये (रोमन अक्षरांत) 'शेल:कॉमन प्रोग्राम्स' टाका, सगळ्या युजरांचे शॉर्टकट उघडतील. 'शेल:प्रोग्राम्स' टाकलंत तर फक्त चालू युजरचे.

शॉर्टकट तिथे आहे पण मेनूत नाही, तर दोष मेनूचा. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये 'स्टार्टमेनूएक्स्पीरियन्सहोस्ट'ला एन्ड टास्क द्या, तो आपणच परत उठतो. फोल्डरातही नाही, तर शॉर्टकट उडालाय, प्रोग्राम नव्हे. प्रोग्राम फाइल्स फोल्डरातल्या ईएक्सईवर (प्रोग्रामच्या मूळ फाइलवर) राइट क्लिक, सेंड टू डेस्कटॉप, आणि तो शॉर्टकट उचलून फोल्डरात टाका. कॉमन फोल्डरला ॲडमिनची परवानगी लागेल.

म्हापशाचा मेकॅनिक:
ऐकायला गोड. पण शॉर्टकट उगाच उडत नाहीत. पावसात वीज गेली, यूपीएसची बॅटरी मेलेली, मशीन धाडकन बंद. मग युजरचं प्रोफाइल (त्याच्या फाइल्स आणि सेटिंग्जचा संच) बिघडतं आणि विंडोज तात्पुरत्या प्रोफाइलवर लॉगिन करतं. डेस्कटॉप कोरा, युजरचे शॉर्टकट गायब. तिथे युजरच्या फोल्डरात हाताने केलेला शॉर्टकट लॉगऑफ करताच पुसला जातो. गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना एकेक ईएक्सई कुठे शोधत बसायची? एसएसडी घाला, नवी विंडोज टाका, दोन तासांत मोकळे.

डिचोलीकर:
तात्पुरत्या प्रोफाइलचं खरं आहे, पण त्यालाही फॉरमॅट नको. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'इको %युजरप्रोफाइल%' टाका. उत्तरात 'टेम्प' आलं की निदान झालं. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) आधी एक्स्पोर्ट करा. तिच्यात प्रोफाइललिस्टखाली एकाच एसआयडीच्या (युजरच्या अंतर्गत ओळख क्रमांकाच्या) दोन की, म्हणजे नोंदी, असतात, एकीच्या शेपटाला 'डॉट बॅक'. बिनशेपटीच्या कीला दुसरं काही नाव द्या, दुसरीचं 'डॉट बॅक' काढा, तिच्यातली 'स्टेट' शून्य करा, रीस्टार्ट.

आणि बाब, दोन तास कुठले? विंडोज चढते दोन तासांत. टॅलीचं लायसन्स सरेंडर न करता फॉरमॅट मारलं की ॲक्टिव्हेशनची कटकट वेगळी. सी ड्राइव्हच्या फॉन्ट्स फोल्डरातले जुने श्रीलिपी फॉन्ट गेले की कार्यालयाची वर्षानुवर्षांची मराठी पत्रं अगम्य चिन्हांत दिसायला लागतात. ते कोण निस्तरणार?

मडगावकर:
तिघांनीही मालवेअरचा, म्हणजे घातक प्रोग्रामांचा, विचारच केला नाही. २०११ च्या सुमारास 'तुमची हार्ड डिस्क बिघडली' असं भासवणारे खोटे दुरुस्ती प्रोग्राम आले होते. ते फाइल्स हिडन करायचे आणि शॉर्टकट टेम्प या तात्पुरत्या फाइल्सच्या फोल्डरातल्या 'एसएमटीएमपी' फोल्डरात हलवायचे: '१'मध्ये स्टार्ट मेनू, '४'मध्ये डेस्कटॉप. घाईने टेम्प साफ करणाऱ्यांनी स्वतःच्या हाताने परतीची वाट बुजवली. म्हणून क्लीनर शेवटी चालवा, आधी कधीच नाही.

दुसरं, १३ जानेवारी २०२३. विंडोजच्या डिफेंडर अँटिव्हायरसच्या १.३८१.२१४०.० या अपडेटमुळे ऑफिस मॅक्रोसाठीचा एक सुरक्षा नियम बिथरला आणि तो नियम 'ब्लॉक'वर असलेल्या कंपन्यांत शॉर्टकट धडाधड पुसले गेले. १.३८१.२१६४.० या अपडेटमध्ये नियम सुधारला, पण गेलेले शॉर्टकट काही त्याने परत आणले नाहीत. त्यासाठी मायक्रोसॉफ्टला पॉवरशेल स्क्रिप्ट द्यावी लागली. शंभर मशीनं असतील तिथे फोंडेकरांचा सेंड टू कामाचा नाही.

म्हापशाचा मेकॅनिक:
सगळं मान्य. पण फॉरमॅटचे पैसे लोक निमूट देतात. 'फक्त तपासलं' म्हटलं की तोंड वाकडं करतात. तो हिशोबही मांडा.

फोंडेकर:
मग तपासणीचा दर पाटीवर लिहा, त्यात लाजायचं काय? आणखी एक: 'एसएफसी स्कॅननाऊ' चालवून टॅली किंवा कोरलड्रॉचा शॉर्टकट परत येईल ही आशा सोडा. ती कमांड विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स दुरुस्त करते, दुसऱ्यांचे शॉर्टकट तिच्या हिशोबातच नाहीत.

म्हापशाचा मेकॅनिक:
दर लिहीन. पण डिस्कचा 'स्मार्ट' रिपोर्ट (तिच्या तब्येतीचा अहवाल) लाल असेल तिथे तुमची रजिस्ट्रीही नको आणि माझा फॉरमॅटही नको. आधी क्लोन, म्हणजे दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब प्रत, मग बाकीचा वाद.