चर्चा: आरोग्यशिक्षणानं मराठवाडा सुधारेल, की आधी नळाला पाणी पाहिजे?

सिंदफणाकाठचा:
बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली देशभर गाजलं. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली.

आता मूळ तक्रारी बघा. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं. बऱ्याच वेळा हा नुसता जंतुसंसर्ग असतो आणि तो गोळ्यांनी बरा होतो. पण ‘पिशवी खराब झालीय, पुढं कॅन्सर होईल’ असं कुणी म्हणालं की सगळं घर घाबरून जातं. पिशवीसोबत अंडाशयंही काढली तर तिशीतच हाडं ठिसूळ व्हायला लागतात, हे सही करण्याआधी त्यांना कुणी सांगितलं? पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे, एवढं एक वाक्य गावोगाव पोचलं असतं तरी कित्येक ऑपरेशनं टळली असती. म्हणून माझं मत, बचत गटात, शाळेत, ग्रामसभेत आरोग्याचं शिक्षण द्या, आणि त्याला रस्त्यांसारखा वेगळा निधी ठेवा.

फडकरी:
काय सांगायलाव राव! बाईला कळत नव्हतं म्हणून तिनं पिशवी काढली? तिला हिशेब पक्का कळत होता. नवरा-बायकोची जोडी म्हणजे मजुरीच्या हिशेबात एक कोयता. उचल म्हणजे आगाऊ पैसे आधीच घेतलेले, ते लग्नात नाहीतर दवाखान्यात संपलेले. एक खाडा पडला की मजुरी जाते, वरून दंड. ऊसतोडीच्या फडात संडास नाही, न्हायला आडोसा नाही, पाळीचं कापड धुवायला पाणी नाही. मग संसर्ग होणार नाही तर काय होईल? अशा बाईपुढं तुम्ही स्वच्छतेचा तक्ता धरणार का? पुढं बीडमध्ये खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची केली. वचक बसला तो त्या नियमानं, तक्त्यानं नव्हे.

लातूरचा टँकर:
फडकरींना माझं मत. डेंग्यू आला की आमच्याकडं भिंतीवर रंगवतात, ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं गाव हे! जालन्यात, संभाजीनगरात कित्येक वस्त्यांना आजही आठ-आठ दिवसांनी नळ येतो. भरलेला ड्रम ओतायला सांगणाऱ्याला घरातली म्हातारी झाडूनं हाणेल.

सिंदफणाकाठचा:
त्या घोषणेनं मलाही हसू येतं. पण ती शहाणपणानं लिहिली असती तर? डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. म्हणजे पाणी नुसतं ओतून भागत नाही, ड्रमच्या कडा घासल्या पाहिजेत. नळ येण्याच्या दिवशी ड्रम तळाला गेलेला असतोच, तेव्हा घासा आणि वर धोतराचं फडकं घट्ट बांधा. याला पैसा लागत नाही. घोषणा मुंबईत बसून लिहिली म्हणून वाया गेली.

निकाल लावा:
शिक्षणानं सगळं होतं म्हणणाऱ्यांना एकच आकडा देतो. ० ते ६ वयोगटात बीड जिल्ह्यात हजार मुलांमागं मुली २००१ च्या जनगणनेत ८९४ होत्या, २०११ मध्ये ८०७. मधल्या दहा वर्षांत साक्षरता वाढलीच होती ना? सोनोग्राफीचं मशीन अडाण्यानं चालवलं नव्हतं.

पाटीवरची:
मुद्दा बरोबर, पण त्यावरून शिकवणंच फोल ठरत नाही. आपल्या शिवेला लागूनच नगर जिल्ह्यातलं जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथं काम सुरू केलं तेव्हा गावच्या आरोग्यसेविका म्हणून निवडलेल्या कित्येक बायकांना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांनी बाळंतपणं केली, बालमृत्यू खाली आणले. इकडं धाराशिव जिल्ह्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारींनी गावातल्याच बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणजे गावच्या आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. साक्षर असणं वेगळं आणि आपल्या अंगाचं आपल्याला कळणं वेगळं.

आशाताई, परभणी:
मोठ्या माणसांच्या मधे बोलते. लोहाच्या गोळ्या बायका चार दिवस खातात आणि सोडतात, कारण संडास काळी होते आणि त्यांना वाटतं आतून रक्त चाललंय. गोळी देतानाच सांगितलं की काळी होईल, घाबरू नका, चहासोबत घेऊ नका, लिंबू पिळून घ्या, की बऱ्याच जणी पूर्ण पाकीट संपवतात. हेच शिक्षण. पण पाकीटच संपलेलं असलं की मी काय सांगू? आणि सांगायला वेळ कुठाय, सर्व्हेचे कागद आहेत की.

फडकरी:
ताई, तुमचं पटलं. ज्याच्या हातात गोळी असते त्याचंच ऐकतात. माझा राग नुसतं बोलणाऱ्यांवर आहे.

सिंदफणाकाठचा:
मग २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आरोग्याचं शिक्षण आणि पाणी-संडासाची सोय, दोन्ही विषय घेऊ. ऊसतोडीच्या टोळ्या त्यानंतरच निघतात, बायका तेव्हा गावातच असतात.

फडकरी:
गावात असतात, पण ग्रामसभेत पुढं बसतात का? घ्यायचीच असेल तर आदल्या दिवशी महिला ग्रामसभा घ्या, कायद्यात आहे. आणि टोळी नेणाऱ्या मुकादमालाही बोलवा. फडावर संडास कोण बांधणार, ते त्याच्या तोंडून सगळ्यांसमोर वदवून घ्या.