किलो लॅबमधील बारा तासांची पाळी आणि मागाहून भरलेल्या नोंदी

प्रश्न : मी चिंचोळी एमआयडीसीतील औषधांचे कच्चे घटक तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या किलो लॅबमध्ये (काही किलोंच्या छोट्या बॅच बनवणाऱ्या विभागात) दीड वर्षापासून केमिस्ट आहे. दोघांनी पाहायचे दोन रिअ‍ॅक्टर मी एकटाच पाहतो, आणि रिलीव्हर आला नाही की आठ तासांचे बारा होतात. दर पंधरा मिनिटांनी तापमान लिहायचे असते, परंतु एकीकडे डायक्लोरोमिथेन या द्रावकाचा ड्रम ओढत असताना दुसरीकडचा तक्ता कोराच राहतो, आणि पाळी सुटताना साहेब म्हणतात, "ट्रेंड माहीत आहे ना, भरून टाक." मागच्या आठवड्यात असे सोळा रकाने भरले, सह्या माझ्याच. जादा तासांचे पैसे मागितले, तर "तू स्टाफमध्ये आहेस" असे उत्तर मिळते. काय करावे?

उत्तर १ : मी बरीच वर्षे क्यूएमध्ये, म्हणजे गुणवत्ता हमी विभागात, काढली आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. न पाहिलेले तापमान लिहू नका. रीडिंग घेतले पण लिहायचे राहिले असेल, तर आजची तारीख, खरी वेळ, उशिराचे कारण आणि सही घालून उशिरा नोंद करता येते. रीडिंगच घेतले नसेल, तर रकाना कोरा ठेवून डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीत चूक झाल्याची अधिकृत नोंद) उघडावे. त्या सोळा रकान्यांचेही क्यूएला लेखी कळवा, कारण बॅच बिघडली तर तपासनीस सही कोणाची हे पाहतो, आणि साहेबांचे तोंडी वाक्य बीएमआरमध्ये (बॅचच्या उत्पादन नोंदपत्रकात) कुठेच नसते. माणूस कमी असल्याचे डेव्हिएशनमध्ये कारण म्हणून आले, की व्यवस्थापनाला त्याचे उत्तर कागदावर द्यावे लागते.

उत्तर २ : डायक्लोरोमिथेन सुमारे 40 अंशांना उकळते, आणि मे महिन्यात आपल्या सोलापुरात पारा त्याच्याही वर जातो. ड्रम उन्हात ठेवू देऊ नका व बूच सावकाश सैल करा. वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते, त्यामुळे छताजवळच्या पंख्यावर विसंबू नये. कापडी मास्क तर वाफेला अडवतच नाही.

उत्तर ३ : जादा कामाला दुप्पट दर हा नियम कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 59 मध्ये होता आणि नव्या श्रमसंहितेतही आहे. केवळ "स्टाफ" म्हटल्याने तो टळत नाही; प्रत्यक्ष काम देखरेखीचे आहे की रिअ‍ॅक्टरवरचे, हे पाहिले जाते. पंचिंगच्या नोंदी जपा, मागणी आधी लेखी करा, मग कामगार कार्यालयात जा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. आज रात्रपाळीत तीन रकाने कोरे ठेवले आणि डेव्हिएशनचा फॉर्म मागितला. कपाटात एकही नव्हता. क्यूएच्या मॅडम सकाळी नऊला येतात, तोवर थांबलो आहे.